एकच पार्ट, पण नेमका

"एकच पार्ट बदलायचा. पण नेमका!"

सोमवारी सकाळी अनुसया सिस्टरनं हे जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा नागसेन पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता. त्यानं नुसती मान हलवली. कोणता पार्ट, कशाचा पार्ट, काही विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळून चुकलं होतं, की सिस्टरचा आवाज या पट्टीत लागला की जो प्रश्न विचारतो तोच कामाला लागतो!

अनुसया मेश्राम म्हणजे उकव्याला खाणीच्या दवाखान्यात तीस वर्षं इंजेक्शनं टोचलेली बाई. रिटायर होऊन बालाघाटला घर बांधलं, तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. तिला शीर सापडली नाही असा हात अजून जन्माला यायचा होता. दहा ठिकाणी टोचून रक्त काढणाऱ्या पोरींकडे ती अशी बघायची, की पेशंटच्या आधी त्या पोरींनाच चक्कर यायची. "एकदाच टोचायचं, पण नेमकं" हा तिचा नोकरीतला नियम. आता तोच नियम ती कॉम्प्युटरला लावणार होती.

कॉम्प्युटर तिच्या लेकीचा, मयुरीचा. साधासुधा नाही, गेम खेळायचा. काळी पेटी, एका बाजूनं काच, आत लाल-निळे दिवे. नागसेन त्याला 'लग्नाचा मंडप' म्हणायचा. मयुरी लग्न होऊन नागपूरला गेली, तिथं तिनं नवा घेतला आणि हा मंडप आईला ठेवून गेली. जाण्याआधी आईला त्यावर ट्रक चालवायचा गेम शिकवून गेली. तिथंच सगळं बिघडलं!

खाणीतून माल भरून निघणारे ट्रक सिस्टरनं दवाखान्याच्या खिडकीतून तीस वर्षं पाहिले होते. स्वतः तिनं साधी स्कूटीसुद्धा कधी चालवली नव्हती. आणि आता ती अठरा चाकांचा ट्रक घेऊन बर्फातून, बोगद्यातून, समुद्राच्या काठाकाठानं सुसाट निघायची. समोरून कोणी आडवा आला, की हिंदीत असे चार शब्द घालायची की नागसेन उठून खिडकी लावून घ्यायचा.

दर रविवारी चार वाजता तीन ट्रकांचा ताफा निघायचा. एक मयुरीचा, एक मयुरीच्या सासूचा म्हणजे कमलताई वासनिकांचा, आणि एक सिस्टरचा. कानाला हेडफोन लावायचे, ट्रक चालवायचे आणि बोलायचं. एरवी मयुरीचा फोन म्हणजे "जेवली का, बाबा कसे आहेत, ठेवते." पण हातात ट्रक असला की पोरगी मनातलं सगळं बोलायची. ऑफिसात कोण त्रास देतं, मोहितशी कशावरून भांडण झालं, झोप का लागत नाही. मोहित म्हणजे जावई. सिस्टर आठवडाभर त्या दोन तासांची वाट बघायची.

पण महिन्याभरापासून तिचा ट्रक अडखळायला लागला होता. चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारून पुढं जायचं. काल रविवारी तर कहर झाला. पुलाच्या वळणावर चित्र जे गोठलं, ते हललं तेव्हा ट्रक नदीत! मागं काचेचा माल होता.

"आई! पुन्हा?" मयुरी ओरडली.

"मी नाही केलं! ते अडकलं!"

कमलताई हेडफोनमधून हळूच म्हणाल्या, "ताई, तुमची पेटी जुनी झाली हो. आमचं तं लोण्यावानी चालते!"

विहिणीचं लोणी सिस्टरच्या घशात अडकलं. त्यावर मयुरीनं आणखी मीठ चोळलं. "आई, पुढच्या रविवारी लांबची फेरी आहे. तिन्ही ट्रक सोबत पोचले पाहिजेत, नाहीतर माल बाद होतो. यावेळी तुझ्या जागी मोहितच्या मित्राला घेऊ का? तू नुसती पाहत बस. मज्जा येईल."

पाहत बस! तीस वर्षं खिडकीतून पाहतच तर बसली होती! सिस्टरनं हेडफोन काढून ठेवले आणि सांगून टाकलं, "कोणाले घ्याचं नाही. रविवारी माझा ट्रक तुमच्या पुढं राहीन!"

म्हणून सोमवारी हा ठराव.

सिस्टरनं आधी वही काढली आणि कॉम्प्युटरचा केसपेपर केला. तपासल्याशिवाय औषध नाही! पहिल्या ओळीत लिहिलं, 'पेशंटची तक्रार: वळणावर अडकणे.' दुसऱ्या ओळीत नाडी. गेममध्ये कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. तब्येत चांगली असेल तर साठ. आपल्या पेशंटची चौदा!

"चौदा नाडी असलेला माणूस मी आजवर पाह्यला नाही," ती नागसेनला म्हणाली. "याले जिता कसा म्हणावं?"

मग तिनं राजूला फोन लावला. राजूचं काली पुतली चौकाजवळ कॉम्प्युटरचं दुकान. माणूस भला, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच इलाज.

"सिस्टर, पूरा बदल डालो! नया ले लो, टेंशन खतम!"

"पाय दुखला म्हणून माणूसच बदलतेत का रे? एकच पार्ट बदलायचा हाय. कोणता, थे सांग."

राजूनं मग पार्ट समजावून सांगितले आणि सिस्टरनं ते आपल्या भाषेत लिहून घेतले. प्रोसेसर म्हणजे डॉक्टर, सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. रॅम म्हणजे सामानाचा ट्रे, जेवढा मोठा तेवढ्या वस्तू हाताशी. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. पॉवर सप्लाय सगळ्यांना जेवण पुरवतो. एवढं झाल्यावर तिला वाटलं, वॉर्ड तर ओळखीचाच आहे!

"ट्रे लहान असन," तिनं निदान केलं. मंगळवारी रॅमची पट्टी आली. राजू व्हिडिओ कॉलवर आणि सिस्टरच्या हातात पट्टी. 'टक्' आवाज आला तेव्हा तिला शीर सापडल्याचा जुना आनंद झाला. गेम चालू केला. नाडी सतरा!

"पाह्यलं? तीननं वाढली! औषध लागू पडून राह्यलं!"

ट्रक निघाला, पहिलं वळण आलं, आणि चित्र तिथंच खिळलं.

"एकच पार्ट म्हणली होती तू," नागसेन पेपराआडून म्हणाला.

"रॅम म्हंजे पार्ट नाही. टॉनिक हाय थे."

बुधवारी तिनं पेशंटला भरती करायचं ठरवलं. जानेवारीची थंडी, म्हणून पेटीला शाल गुंडाळली, ई-रिक्षात शेजारी बसवली आणि खड्डा आला की तिच्यावर हात आडवा धरला. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं.

"अम्मा, क्या है इसमें?"

"पेशंट!"

 त्यानं गाडी हळू केली.

दुकानात राजूनं आपल्या स्क्रीनची वायर लावली, बटण दाबलं, आणि काय सांगावं! ट्रक पाण्यासारखा वाहायला लागला. पूल आला, पूल गेला. नाडी साठ! राजूनं हात झटकले. "सिस्टर, इसको तो कुछ हुआ ही नहीं!"

सिस्टर मनातून खूश झाली. तीच शाल, तीच रिक्षा. घरी आणून लावला. नाडी सतरा!

दवाखान्यात पाऊल टाकलं की ठणठणीत होणारे आणि घरी गेले की पुन्हा कण्हणारे पेशंट तिनं उदंड पाहिले होते. पण ती सगळी माणसं होती. तिनं दातओठ खाल्ले. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, याचा अर्थ दोष घराचा! घरचं जेवण कमी पडत असणार! गुरुवारी पुन्हा शाल, पुन्हा रिक्षा, आणि दुकानात नवा पॉवर सप्लाय बसला. घरी आल्यावर सतरा. एकानंही हलायला तयार नाही!

"हे काय होतं आता?" नागसेननं विचारलं.

"सलाइन."

"मंग पार्ट कोणता?"

"तुमी पेपर वाचा!"

पण सिस्टर हार मानणाऱ्यांतली नव्हती. शुक्रवारी तिनं पेटीची काच काढली, गेम चालू ठेवला आणि एकेकाच्या अंगाला हात लावून पाहिला. प्रोसेसरचा भाग चांगलाच तापलेला. पॉवर सप्लाय कोमट. आणि ग्राफिक्स कार्ड? थंडगार! जानेवारीतल्या फरशीसारखं थंड! तिनं केसपेपरवर 'थंडगार' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. सापडलं! गेलं ते कार्डच!

त्या दिवशी घरात फोनला रेंज नव्हती. ती अंगणात गेली, भिंतीजवळ उभी राहिली आणि राजूला फोन लावला. भिंतीपलीकडं गोदाबाई वाळवणाला पापड घालत होत्या. गोदाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात जुन्या बाई. कान तिखट, मन मऊ, आणि ऐकलेलं पोटात ठेवायची सवय नाही. त्यांना ऐकू आलं ते असं:

"राजू, पेशंट आता हातचा गेला रे. अंग थंडगार पडलं. मेमरी वाढवून पाह्यली, काही फरक नाही. पॉवरचाही इलाज केला, तरी जीव नाही. नुसता बसून राह्यते, काम काही करत नाही... हौ, लय जुना झाला. मी म्हणते, आता जुना काढून टाकाव आन् नवीन आणाव... हौ, रविवारच्या आत!"

गोदाबाईंच्या हातातला पापड हातातच राहिला. त्या भिंतीवरून डोकावल्या.

"अनुसया, मी आयकलं वं. इचार पक्का झाला का?"

"हौ काकू," सिस्टर ठामपणे म्हणाली. गल्लीत एवढी आस्था असलेलं बघून तिला बरंच वाटलं. "महिनाभर सहन केलं. आता नाही ढकलत."

"नवीन... पाह्यला का?"

"राजूनं दोन दाखवले. एक लय मोठा हाय, तो आपल्या इथं मावत नाही. दुसरा लहान हाय, पण आवाज करत नाही. तोच आणते."

"आन् जुन्याचं?"

"राजू म्हणते, कोणी घेणारा भेटला तं देऊन टाकू."

गोदाबाई पाटावर बसल्या त्या पाच मिनिटं उठल्याच नाहीत. मग त्यांनी विचार केला. बाई हुशार, संसार चांगला, लेक सासरी सुखी. ती असं बोलते म्हणजे नवऱ्याच्या दुखण्यानं तिचं डोकं फिरलं! बिचारा नागसेन थंड पडला, त्याची आठवण गेली, अंगात जीव नाही, आणि ही नर्सबाई असून हात टेकून बसली!

शनिवारी सकाळी सिस्टर बाजारात गेलेली पाहून गोदाबाई वाटीभर सूप घेऊन आल्या. नागसेन खुर्चीत बसून उन्हं घेत होता. बसून होता आणि काम काही करत नव्हता! गोदाबाईंना हुंदकाच आला.

"नागसेन, बाबू, मले वळखलं का रे?"

रोज भिंतीवरून बोलणारी शेजारीण हे विचारते म्हटल्यावर नागसेनला गंमत वाटली. "नाही बा! कोण तुमी?"

"अरे देवा! बरं, आज वार कोणता?"

रिटायर माणसाला वाराचं काय? त्यानं डोकं खाजवलं. "बुधवार... नाही, थांबा. गुरुवार असन."

"आन् तब्येत कशी हाय?"

"मले काय झालं? मी चांगला हाय."

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. झालं, त्याला आपलं दुखणंसुद्धा आठवत नाही! त्यांनी सूप पाजलं आणि तडक घरी जाऊन लामत्याला फोन लावला. लामत्याला सिस्टरचा मोठा भाऊ महागू राहायचा. महागूदादानं रात्र कशीबशी काढली आणि रविवारी सकाळी नागपूरला भाचीला फोन लावला. "पोरी, बाबाले पाहून जाय. आन् आईले फोन करून काही इचारू नको, तिच्या डोक्याले लय तान झाला हाय. सरळ ये."

सिस्टरला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिचं सगळं लक्ष कार्डाकडं. रविवारी दोन वाजता राजू कार्ड घरी आणून देणार, तीनला बसवायचं, चारला ताफा!

रविवारी सकाळी दहापासून माणसं यायला लागली. आधी गल्लीतली, मग विहारातली, मग नागसेन ज्या लाकूड डेपोत क्लार्क होता तिथली. प्रत्येकाच्या हातात पिशवी. संत्री, केळी, बिस्किटं. सगळे आत यायचे, "जयभीम, सिस्टर," असं हळूच म्हणायचे आणि नागसेनला बघायला मागच्या अंगणात जायचे. सिस्टरला वाटलं, लांबच्या फेरीची बातमी फुटली. ट्रक बघायला आले वाटतं! तिनं खुर्च्या मांडल्या.

"चार वाजता सुरू होईन," ती एकाला म्हणाली. "तवर चहा घ्या."

तो बिचारा दचकला. वेळसुद्धा ठरली? त्यानं हात जोडले.

दुपारी महागूदादा आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "धीर धर, बाई. नवीनचा इचार आता करू नको."

"काहून नको? दोन वाजता येऊन राह्यला ना तो!"

दादानं भिंत धरली.

दोन वाजले. राजू आला नाही. अडीच झाले. सिस्टरनं फोन लावला. राजूचा आवाज अगदी उतरलेला. "सिस्टर, मैं लाने वाला था. लेकिन ऐसे टाइम पे गेम का कार्ड... अच्छा नहीं लगता. भाऊजी की ऐसी हालत..."

"कोणाची हालत?"

"नागसेन भाऊजी की. पूरे बालाघाट को मालूम है. याददाश्त चली गई, ठंडे पड़ गए..."

सिस्टरच्या डोळ्यांसमोर एका क्षणात भिंत, पापड, गोदाबाई, सूप, संत्री, सगळं रांगेनं उभं राहिलं. पेशंट! नुसता बसून राह्यते! जुना काढून नवीन! कानशिलं गरम झाली. समोर पंचवीस माणसं चहा पीत होती, आणि आपण शुक्रवारी भिंतीवरून काय काय कबूल करून बसलो! एवढ्यानं भागलं असतं तरी बरं. पण कार्ड नाही, म्हणजे ट्रक नाही, म्हणजे पोरीच्या शेजारी बसायची जागा गेली!

ती अंगणात धावली. महागूदादा नागसेनचा हात हातात घेऊन उभा होता आणि गोंधळलेला दिसत होता.

"हात तं गरम हाय जावईबापूचा! घाम येऊन राह्यला! कोण म्हणलं थंड पडले?"

"गरम नाही राहीन तं काय?" नागसेन वैतागला होता. बाजूला फोडलेल्या लाकडांचा ढीग. "सकाळपासून लाकडं फोडून राह्यलो! इतल्या लोकायचा चहा कशावर होते? काम करते तो गरम राह्यते! बसून राह्यलो असतो तं थंडच राह्यलो असतो!"

सिस्टर जागच्या जागी थांबली.

काम करतो तो गरम राहतो. बसून राहतो तो थंड.

"दादा!" ती ओरडली. "कार्ड आजारी नाही! कार्ड ड्युटीवरच नाही!"

महागूदादानं गोदाबाईंकडं पाहिलं, गोदाबाईंनी वर आभाळाकडं. सिस्टर तोवर घरात पोचली होती. सलाइन चालत नसेल तर नळी बाटलीपासून हातापर्यंत बोटानं तपासत जावी, हे तिनं किती पोरींना शिकवलं असेल! तिनं टेबल भिंतीपासून ओढलं, स्क्रीनची वायर चिमटीत धरली आणि बोट सरकवत सरकवत पेटीच्या मागं गेली. वायर जिथं खोचली होती, तिथं वरच्या बाजूला एक भोक. आणि चार बोटं खाली, कार्डाच्या पाठीवर, तशीच तीन भोकं! तिन्ही रिकामी! चित्र काढणारं कार्ड महिनाभर हातावर हात ठेवून बसलं होतं, आणि बिचारा डॉक्टर, म्हणजे प्रोसेसर, आपलं काम सांभाळून चित्रंही काढत होता. राजूच्या हाताला सवय, त्याची वायर दुकानात आपोआप खालच्या भोकात गेली होती. कळलं!

तिनं वायर उपटली, खाली खोचली आणि गेम लावला.

साठ!

ट्रक निघाला. पूल आला, पूल गेला. रस्त्याकडेच्या झाडांची पानं मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. मागं उभ्या पंचवीस माणसांनी, कशासाठी ते न कळता, टाळ्या वाजवल्या.

"ही वायर वरती कोणी लावली?" सिस्टर गरजली. "कोणी हात लावला माझ्या कॉम्प्युटरले?"

नागसेन दारात उभा होता. "मागच्या महिन्यात वरच्या खोलीतून खाली आणला, तवा तूच लावली. मी म्हणलं, फोटो काढून ठेवू. तू म्हणली, मले नको शिकवा, मी तीस वर्षं नळ्या जोडल्या."

खोलीत कोणीतरी खोकलं. सिस्टरनं गेमचा आवाज वाढवला.

मग तिनं सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. लोक आधी हसले, मग आणलेली केळी स्वतःच खायला लागले. गोदाबाई तेवढ्या रुसल्या. "मंग पेशंट काहून म्हणते वं लोखंडाच्या पेटीले?" त्यांची समजूत घालता घालता पावणेचार झाले.

बरोबर चारला सिस्टर हेडफोन लावून बसली. पाठ ताठ. ट्रकचं इंजिन गुरगुरतंय, माल भरलेला, रस्ता मोकळा. मागं लामता, विहार आणि लाकूड डेपो श्वास रोखून उभे. पडद्यावर मयुरीचं नाव बंद, कमलताईंचं नाव बंद.

पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. तिनं मयुरीला फोन लावला. लागेना. मोहितला लावला. लागेना. सिस्टरचं तोंड हळूहळू उतरत गेलं. घेतला वाटतं पोरीनं दुसरा कोणी. आपल्याला सांगायची लाज वाटली असेल, म्हणून फोन बंद.

"मले नाही वाटत ती असं करन," नागसेन म्हणाला आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हातात पेपर नव्हता.

साडेचार वाजता दारात गाडी थांबली. मयुरी चप्पल न काढताच आत धावली. "बाबा! बाबा, मला ओळखलं?"

"आता ही पण तेच इचारते!" नागसेन म्हणाला. मयुरीनं त्याला मिठी मारली आणि रडता रडता हसायला लागली. मागून मोहित आणि कमलताई आले. कमलताईंच्या हातात चार शहाळी, डोळ्यांत पाणी. "वारासिवनीच्या अल्याड रेंजच नव्हती, ताई. रस्ताभर जीव मुठीत धरून आलो."

सिस्टर उठली. लेक घरी आली होती, आणि तीही अशी गळ्यात पडून रडणारी. हे सगळं आपल्या एका वायरीनं झालं, हे तिला कळत होतं. पण विहिणीच्या लोण्याचा हिशोब बाकी होता! पंचवीस साक्षीदार समोर होते!

"बरं झालं आल्या, विहीणबाई. बसा. हा पाहा आमचा ट्रक, साठनं चालते. चालवून पाहा जरा. लोणी कोणाचं चांगलं, थे कळून जाईन!"

कमलताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मोहितकडं पाहिलं. मोहित छताकडं बघायला लागला.

"ताई," कमलताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मले कुठं चालवता येते? मोहितच चालवते. मी बाजूले बसून बोलत राह्यते फक्त."

 "तुमी मायलेकी इतल्या बोलता," कमलताई पुढं म्हणाल्या, "मले वाटलं, आपणही असावं. पण येत नाही म्हणून सांगतलं तं कोण घेते?"

सिस्टरनं एकदा विहिणीकडं पाहिलं. एकदा त्या चार शहाळ्यांकडं. मग तिनं खुर्ची पुढं ओढली, कमलताईंना तीत बसवलं आणि त्यांची बोटं एकेक करून बटणांवर ठेवली. "हे पुढं. हे थांबाचं. हे वळाचं. घाबराचं नाही, पहिल्यांदा सगळ्यायचाच हात कापते."

ट्रक निघाला. झोकांड्या खात गेला, मयुरी "आई, ब्रेक! ब्रेक!" म्हणून दोन्ही आयांवर ओरडली, आणि सेकंदाला साठ चित्रांच्या वेगानं, कुठंही न अडखळता, ट्रक सरळ टोलनाक्याच्या भिंतीत घुसला. विटन् वीट स्पष्ट दिसली.

कमलताईंनी हात मागं घेतले. कावऱ्याबावऱ्या होऊन त्यांनी सिस्टरकडं पाहिलं.

"ताई, हे अडकलं का हो? का मीच..."

आजवर जाणूनबुजून चुकीचं निदान कधीही न केलेल्या अनुसया सिस्टरनं पडद्यावरच्या त्या साठ आकड्यावर हळूच तळहात ठेवला.

"तुमी नाही हो, विहीणबाई. पार्टच खराब हाय. उद्या राजूले इचारते."

आणि दारात उभ्या नागसेननं तब्येत ठणठणीत असतानाही भिंत धरली.